पट्टा सरांच्या गळ्यात

"काही करत नाही तो," दत्तवाडे सर लांबून ओरडले, तेव्हा त्यांचा कुत्रा माझ्या छातीवर दोन्ही पाय देऊन उभा होता आणि माझी हनुवटी चाटत होता.

"कोण काही करत नाही?" मी विचारलं.

"सोन्या. लॅब्रॅडॉर आहे. फार प्रेमळ जात. तू फक्त घाबरू नकोस."

मी घाबरले नव्हते. मी चिडले होते, आणि ती गोष्ट वेगळी. डोळस माणसाला कुत्रा येताना दिसतो, तो अंग सावरतो, हात पुढे करतो. मला तो दिसत नाही. तीन वर्षांची असताना गोवरानं माझी दृष्टी गेली. म्हणजे शांतपणे चालत असताना हवेतून एक पोतं अंगावर येतं, त्याला ओलं तोंड असतं, आणि वर कुणीतरी मलाच समजावतं की पोतं प्रेमळ आहे.

"सर, त्याला पट्टा नाही का?"

"आहे की."

"मग?"

सर हसले. शेजारून चालणाऱ्या खंजिरे वहिनी माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "पट्टा सरांच्याच गळ्यात हाय गं. उपरणं घेतल्यागत."

हे इचलकरंजीतलं, नगरपालिकेच्या शाळेच्या मैदानावरचं. वर्षं बरीच झाली. मैदानाच्या एका अंगाला यंत्रमागाची शेड होती, तिचा खडखडाट पहाटेपासून चालू असायचा. समोरच्या अंगाला दूध डेअरी, तिथं कॅन आपटायचे. डाव्या कानाला माग आणि उजव्या कानाला कॅन, म्हणजे मी सरळ चाललेय. हातात पांढरी काठी, काठीच्या टोकाला कुंपणाची भिंत. मला त्या मैदानावर कुणाची गरज नव्हती.

आणि मी तिथं हौसेनं फिरत नव्हते. एका सहकारी बँकेत मला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली होती, एक तारखेपासून हजर व्हायचं होतं. बँक घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. पण आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं अट घातली.

"महिनाभर मैदानावर एकटी फिरून दाखव. एकदा बी पडायचं न्हाई. मग जा एकटी बँकेत."

"आणि पडले तर?"

"मग मी येणार संगं. सकाळी पोचवणार, दिवसभर दारात बसणार, संध्याकाळी घेऊन येणार."

आई शेडवर सुताच्या कांड्या भरायला जायची. दिवसभर बँकेच्या दारात बसली असती तर तिचं काम गेलं असतं. माझं काय झालं असतं ते मला जास्त कळत होतं. दारात आई बसवून काम करणाऱ्या ऑपरेटर बाईला बँकेत कुणी बाई समजलं नसतं. तसं जायचं झालं तर मी नोकरीच सोडणार होते, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. तेव्हा ते मैदान म्हणजे माझी परीक्षा होती. आणि त्या परीक्षेत सोन्या मोकळा फिरत होता.

दत्तवाडे सर म्हणजे साधी आसामी नव्हती. निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या गावाला त्यांनी हातावर छड्या देऊन मोठं केलेलं, त्यामुळे मैदानावर येणारे निम्मे लोक अजून त्यांच्यासमोर हात मागं बांधून उभे राहायचे. सकाळी फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं, सर त्याचे अध्यक्ष. फिरून झालं की डेअरीशेजारी चहा व्हायचा आणि त्या चहावर गावातली शिस्त कशी बिघडली याची चर्चा व्हायची.

मी त्या चहावर जाऊन सांगितलं. नीट, आवाज न चढवता सांगितलं की सर, कुत्रा बांधून आणा, मला तो दिसत नाही.

"मुकं जनावर हाय, बाळ," एक आजोबा म्हणाले.

"दिवसभर घरात कोंडलेला असतो," सर म्हणाले. "त्याला जरा मोकळं धावायला लागतं. तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं. मोकळं धावायला लागतं हे मला नाही कळायचं. मी चहा न घेता परत आले.

तरी माझ्या बोलण्याचा मान राखला गेला. दुसऱ्या दिवशी सरांनी मैदानात शिरताच सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "वैजयंती, बघ, लावला गं पट्टा सोन्याला. झालं समाधान?"

मला बरं वाटलं. मी आभारसुद्धा मानले. आता आठवलं की त्या आभारांचाच राग येतो.

पट्टा लावला होता हे खरं होतं. सोन्याच्या गळ्यात त्याची कडी अडकवली होती. पण दुसरं टोक कुणाच्या हातात नव्हतं. सोन्या नेहमीसारखा मैदानभर धावत होता आणि त्याच्यामागून तो लांबलचक पट्टा मातीतून सरपटत होता. हे सगळं दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण मागणी पट्ट्याची होती आणि पट्टा तर लावला होता.

काठीला भिंत कळते, दगड कळतो, खड्डा कळतो. मातीवर सपाट पडलेली नायलॉनची पट्टी काठीला कळत नाही. काठी तिच्यावरून गेली आणि माझा पाय तिच्यात गेला. तेवढ्यात कुणीतरी सोन्याला बिस्किट दाखवलं. तो धावला, पट्टा माझ्या घोट्याभोवती आवळला, आणि मी हनुवटीवर पडले.

तोंडात माती आणि रक्त. काठी कुठं गेली ते कळेना. भोवती पावलं जमली. आणि पहिला आवाज आला तो सरांचा, दुखावलेला.

"पण पट्टा लावला होता ना मी."

"दुसरं टोक कुठं होतं, सर?" मी विचारलं. हनुवटीतून रक्त गळत होतं, पण मला ते विचारायचंच होतं.

"कसलं टोक?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. शाळेत तपासणीला साहेब आले की भिंतीवर तक्ते लावून घ्यायचे, साहेब गेले की काढून ठेवायचे, असं ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या दृष्टीनं पट्टा लावला म्हणजे विषय संपला होता.

डॉक्टरांनी टाके घातले. आई शेडवरून धावत आली. मला वाटलं, आता ती सरांना चार शब्द सुनावेल. तिनं हात जोडले. हात जोडल्याचं तिच्या बांगड्यांवरून मला कळलं.

"लेकरू आंधळं हाय, सर. चुकून मधी आलं असंल. सांभाळून घ्या."

टाक्यांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. मैदानात चालत होते मी, भिंतीच्या कडेनं, रोजच्या वाटेनं. मी कुणाच्या मधे आले होते?

चार दिवसांनी मंडळाची चहावर बैठक झाली. मला आणि आईला मुद्दाम बोलावलं. विषय होता, वैजयंतीच्या सुरक्षिततेचा. कुत्र्याचा नव्हता. खंजिरे वहिनींनी माझ्या हातात कप दिला आणि सर बोलू लागले. बोलणं फार मायाळू होतं. मुलगी धडपडी आहे, गुणी आहे, पण तिनं एकटीनं फिरणं धोक्याचं आहे हे आता सिद्ध झालं. तेव्हा मंडळानं ठरवलं आहे की रोज कुणीतरी तिचा हात धरून तिला फिरवायचं. पहिली जबाबदारी अध्यक्ष या नात्यानं ते स्वतः घेत आहेत. मैदानावर फिरवतील आणि घरापर्यंत पोचवतील.

"आणि सोन्या?" मी विचारलं.

"तो त्याचा फिरेल. आता पट्टाही लावणार नाही, म्हणजे पायात यायचा प्रश्नच नाही."

माना हलल्या असाव्यात, कारण कुणी काही बोललं नाही.

"म्हणजे मला धरून ठेवायचं आणि कुत्र्याला मोकळं सोडायचं," मी म्हणाले.

"वैजू, गप बस," आई म्हणाली.

"कुत्र्याची आणि तुझी बरोबरी मी कुठं करतोय?" सर दुखावून म्हणाले.

"करा की सर. केली तर बरंच होईल. मग मलाही थोडं मोकळं सोडाल."

कुणीतरी खाकरलं. आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ राहिला. मग सरांनी शेवटची सूचना केली. काठी घरी ठेवायची. हात धरायला माणूस असताना काठीचं काय काम? शिवाय काठी बघून सोन्या बिचकतो.

सोन्याला भीती वाटते म्हणून माझी काठी बंद. हे एका निवृत्त मुख्याध्यापकानं चारचौघांत सांगितलं आणि चारचौघांनी ते योग्य मानलं. आईनंसुद्धा. घरी आल्यावर तिनं माझी काठी घडी घालून कपाटावर टाकली.

"पडलीस, अट मोडली. आता सरांच्या हाताला धरून जा. न्हाईतर मैदान बंद आणि बँक बी बंद," ती म्हणाली. "माझ्या जीवाला घोर नगं."

म्हणून मी गेले. दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

सर माझा हात धरायचे म्हणजे मनगट धरायचे, कॉपी करताना सापडलेल्या पोराचं धरतात तसं. चालायचे त्यांच्या वेगानं. भिंत माझ्यापासून लांब गेली. माग आणि कॅन कुठल्या कानाला आहेत याकडे लक्ष ठेवलं तर सर म्हणायचे, "लक्ष कुठं आहे? मी आहे ना." भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "ही माझी जबाबदारी." कुणीतरी फोटो काढून एका स्थानिक पेपरात दिला. आईनं पेपर शेजारणीकडून वाचून घेतला. अंध कन्येला ज्येष्ठांच्या हाताचा आधार, असा मथळा होता. फोटोत सोन्यासुद्धा छान आला होता म्हणे.

मी आतल्या आत उकळत होते. पण एक तारीख जवळ येत होती आणि आई रोज विचारायची, "सर आलते न्हवं? हात धरला हुता न्हवं?" मी हो म्हणायचे. तिच्या मनात आता वेगळंच शिजत होतं. सर बँकेतही पोचवतील का, असं ती त्यांना विचारणार होती.

त्या दिवशी फेऱ्या झाल्या आणि आम्ही डेअरीच्या अंगानं मैदानातून बाहेर पडलो. समोरचा रस्ता ओलांडला की आमची गल्ली. सकाळी त्या रस्त्यावर सुताची पोती आणि मागावर चढवायचे बीम भरलेले टेम्पो सुसाट जायचे. सोन्या आमच्या पुढं, मोकळा. त्याच्या नखांचा आवाज डांबरावर येत होता. सरांनी माझं मनगट आवळलं आणि आम्ही रस्त्यावर उतरलो. ते मला मागच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाबद्दल काहीतरी सांगत होते.

रस्त्याच्या पलीकडून कोंबड्यांची गाडी चालली असावी. आधी कोंबड्यांचा कलकलाट आला, मग वास. मग सोन्याची नखं जोरात वाजली आणि लांब गेली. कुठंतरी ब्रेक किंचाळला.

"सोन्या," सर ओरडले.

आणि माझ्या मनगटावरचा हात गेला.

ते धावले. त्यांच्या चपला फटफट वाजत डावीकडं गेल्या आणि गाड्यांच्या आवाजात मिसळल्या. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. काठी नाही. भिंत नाही. बोलण्याच्या नादात त्यांनी मला किती वळवलं होतं ते माहीत नाही, त्यामुळे तोंड कुठं आहे तेही माहीत नाही. एक मोटारसायकल इतक्या जवळून गेली की ओढणी उडाली. मागून हॉर्न, पुढून हॉर्न. मागांचा खडखडाट त्यात पार बुडून गेला. मी दोन्ही हात वर केले आणि हलले नाही. त्या वेळी मला भीती वाटली. खरी भीती. जन्मात तेवढी कधी वाटली नव्हती.

एक टेम्पो करकचून माझ्यापाशी थांबला. इंजिनाची धग तोंडावर आली.

"आंधळी हाईस का गं?" ड्रायव्हर खेकसला.

"हाय," मी म्हणाले.

मग दार उघडल्याचा आवाज झाला आणि तो खाली उतरला. "माफ करा ताई. कुठं जायाचं? चला, हाताला धरून सोडतो."

"हात नको," मी म्हणाले. "गाडी बंद करा तेवढी. आणि मागच्यांना हॉर्न मारू नका म्हणावं. मला ऐकू येऊ दे."

त्यानं गाडी बंद केली. मागं ओरडून सगळ्यांना गप केलं, अस्सल शिव्यांत. आणि मग हळूहळू माझ्या पाठीमागून, थोडा उजवीकडून, मागांचा खडखडाट वर आला. मी त्याच्याकडे नीट पाठ केली आणि सरळ चालायला लागले. पायाला फुटपाथ लागला. तिथून आमची गल्ली मला झोपेतही सापडली असती.

आई शेडवर निघायच्या बेतात होती. मला एकटी बघून तिच्या हातातला डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"सर कुठं हाईत?"

"गेले."

"कुठं?"

"कुत्र्यामागं."

"तुला कुठं सोडून?"

"रस्त्यात."

"रस्त्याच्या ह्या अंगाला का त्या अंगाला?"

"मधी."

आईनं माझे हात हातात घेतले. ती ते चोळत बसली, थंडीत चोळतात तसे. तेवढ्यात गल्लीतून चपला वाजल्या आणि दारात सरांचा आवाज आला. धाप लागलेली.

"मगदूमबाई, वाचला ओ. देवानं वाचवला. टेम्पोच्या चाकाखालीच जात होता."

"कोण?" आईनं विचारलं.

"सोन्या. ह्या हातांनी ओढून काढला."

सोन्या त्यांच्याजवळच होता. त्याचं धापणं ऐकू येत होतं, पण ते जागच्या जागी होतं. तो पुढं यायला बघत होता आणि पट्टा ताणल्याचा, कडी करकरल्याचा आवाज येत होता. एवढ्या दिवसांत तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"आता कानाला खडा," सर सांगत होते. "पट्ट्याशिवाय घराबाहेर काढणार नाही. आणि दुसरं टोक माझ्या हातात. बघा, दोन वेढे मारून धरलंय. जीव आहे ओ शेवटी. काही झालं असतं म्हणजे?"

"आणि ही?" आई म्हणाली.

"कोण?"

"ही. माझी लेक."

"ती हुशार आहे ओ. आली की नीट. मला खात्री होतीच."

आई उठून दारापर्यंत गेली. तिनं आयुष्यात कधी कुठल्या शिक्षकापुढं मान वर केलेली नव्हती. अंगठा उठवणारी बाई ती, शिकलेल्या माणसाशी बोलताना तिचा आवाजच बारीक व्हायचा. तो त्या दिवशी बारीक नव्हता.

"सर, हिची हनुवटी फुटली. टाकं पडलं. तवा तुमाला पट्टा हातात धरावासा वाटला न्हाई. आज वाटला."

"अहो, असं नका बोलू मगदूमबाई. मी तर हिला स्वतःच्या हातानं रोज..."

"त्यो हात कुठं हुता आज?"

कडी पुन्हा करकरली.

"कुत्रं बांधलं असतं तर तुमाला तिला सोडाया लागलं नसतं. एवढं साधं मला अडाणीला कळतंय. जावा आता. आणि उद्यापासनं हिकडं येऊ नगासा."

"तुम्ही रागात आहात."

"हाय. जावा."

तिनं दार लावलं. मग बराच वेळ कपाटापाशी खुडबुड झाली. स्टूल सरकलं. तिनं माझ्या हातात काठी दिली आणि माझी बोटं तिच्यावर घट्ट मिटवली.

"एक तारखेला बँकेत एकटी जायाचं," ती म्हणाली. तिचा आवाज रडका होता आणि रागाचाही. "मी न्हाई येणार. कुणाचा हात बी नगं. पडलीस तर पडलीस."

मी त्या बँकेत एकवीस वर्षं नोकरी केली. त्यात दोनदा पडले, दोन्ही वेळा नगरपालिकेनं खणून ठेवलेल्या चरीत.

मागच्या महिन्यात त्या मंडळाचा वर्धापनदिन झाला. मलाही बोलावलं होतं, शाल आणि नारळ. दत्तवाडे सर आता खूप थकले आहेत. त्यांना धरून माइकपाशी आणलं. आवाज मात्र तोच. ते म्हणाले, "ही वैजयंती मगदूम आज एवढी स्वावलंबी दिसते, पण एक काळ असा होता की मी स्वतः हिला हाताला धरून रस्त्यावरून नेलं आहे."

टाळ्या पडल्या. मग माइक माझ्याकडे आला. वयाचा मान ठेवावा असं क्षणभर वाटलं, पण तेवढा मोठेपणा माझ्यात नाही.

"सर सांगतात ते खरं आहे," मी म्हणाले. "अर्ध्या रस्त्यापर्यंत नेलं."